खरात सरांची रांग

खरात सरांनी आमच्या इन्स्टिट्यूटच्या पॅसेजमध्ये पहिल्यांदा शिट्टी फुंकली, तेव्हा शेजारच्या दातांच्या दवाखान्यातला एक पेशंट तोंडात कापूस तसाच ठेवून जिन्यापर्यंत पळाला होता. त्याला वाटलं, आग लागली. त्याच्या मागून डॉक्टर आले, डॉक्टरांच्या मागून नर्स आली, आणि बघतात तर काय, दहा-बारा मुलंमुली एका ओळीत ताठ उभी, सगळ्यांभोवती एक जाडजूड दोर, आणि समोर गळ्यात शिट्टी अडकवलेले, पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट घातलेले एक गृहस्थ.

"हे काय चाललंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"वेबसाइट," सर म्हणाले.

रांगेकडे बघत डॉक्टर म्हणाले, "वेबसाइटला शिट्टी लागते?"

"रांगेला लागते. पण तुमच्या पेशंटला त्रास झाला असंल तर उद्यापासून टाळी."

दुसऱ्या दिवसापासून खरोखर टाळी सुरू झाली. खरं सांगायचं तर ती टाळी शिट्टीपेक्षा मोठी होती, पण सरांनी शब्द पाळला म्हटल्यावर डॉक्टरांना पुढे काही बोलता येईना. आणि मला तर बोलायचा अधिकारच नव्हता. मी फ्रंट डेस्कला होते. चौकशीला आलेल्यांना खुर्ची देणं, एसी बंद पडला की मेकॅनिकच्या मागे लागणं आणि आमचे मालक महाजन सर ह्यांच्या वतीने जगाची माफी मागणं, ही माझी कामं. खरात सर आल्यापासून ह्यातल्या तिसऱ्या कामाचा लोड फारच वाढला.

आमचं इन्स्टिट्यूट वाशीत, एका फोटो स्टुडिओच्या डोक्यावर. वेब डिझाइनच्या दोन बॅच चालायच्या. एक इंग्लिशमधून आणि एक मराठीतून. मराठी बॅचला यायची ती कोपरखैरणे, तुर्भे, घणसोलीकडची मुलं. कोणाचे वडील एपीएमसी मार्केटात माथाडी, कोणाचे बसवर कंडक्टर, कोणाची आई पोळीभाजीचे डबे करणारी. सगळी मराठी शाळेतली. इंग्लिश वाचता यायचं, पण इंग्लिशमधून कोणी भराभर समजवायला लागलं की ही मुलं मान डोलवायची आणि घरी जाऊन रडायची. त्यांच्यासाठी ती बॅच होती आणि ती खरात सरांची होती.

सर मूळचे परभणीकडचे. कोपरखैरण्यातल्या एका मराठी शाळेत पीटी शिकवायचे. हळूहळू शाळेचा पट घसरला. खेळाचा तास गणिताला जायला लागला, आणि रिकामा माणूस म्हणून मुख्याध्यापकांनी कॉम्प्युटर रूमची किल्ली सरांकडे दिली. धूळ पुसता पुसता सर स्वतःच शिकले. मग शाळाच बंद झाली. त्याबद्दल ते कधी बोलायचे नाहीत. एकदाच, चहा पिता पिता, मला म्हणाले, "ताई, शेवटच्या वर्षी सातवीच्या रांगेत चार लेकरं होती. चौघांना 'सावधान' म्हणताना तोंडातून आवाज निघत नव्हता." शाळेतून निघताना कोणी घड्याळ नेलं, कोणी नकाशे नेले. सरांनी रस्सीखेचीचा दोर नेला. तोच दोर आमच्या पॅसेजमध्ये आला.

त्या दोराचं काय काम, ते सांगते. तुम्ही कुठलीही वेबसाइट उघडा, वरच्या बाजूला एक आडवी पट्टी असते. मुखपृष्ठ, आमच्याविषयी, सेवा, संपर्क. आपण तिच्यावर बोट दाबतो आणि पुढे जातो, तिच्याकडे धड बघतसुद्धा नाही. पण ती पट्टी जन्मतः आडवी नसते. कॉम्प्युटरला नुसती यादी दिली की तो सगळं एकाखाली एक मांडतो, प्रत्येकापुढे एक काळा ठिपका लावून, किराण्याच्या यादीसारखं. त्या उभ्या यादीला आडवं करायचं, सारख्या अंतरावर आणायचं, हे सीएसएसचं, म्हणजे पानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेचं काम, आणि तिथे नव्या मुलांची पार वाट लागते. एक शब्द खाली पडतो, दुसरा भिंतीला चिकटतो, तिसरा अर्ध्यात मोडून दोन ओळींत जातो. इंग्लिश बॅचची हुशार हुशार मुलं त्यात अडकून डोकं धरून बसलेली मी पाहिलीत. खरात सरांची मुलं अडकायची नाहीत, कारण ती स्वतःच पट्टी झालेली असायची.

आधी सगळी एकामागे एक उभी राहायची, पाठीला सॅक. ही झाली यादी. सर म्हणायचे, "ठिपके काढा!" की सगळ्यांनी सॅक खाली टाकायच्या. मग टाळी. "डिस्प्ले, फ्लेक्स!" की सगळी फिरून शेजारी शेजारी, दोराच्या आत. दोर म्हणजे पट्टीची चौकट. "सेंटर!" की सगळी मधोमध गोळा. "स्पेस बिटवीन!" की पहिला आणि शेवटचा दोन टोकांना दोर ताणून उभे, आणि बाकीच्यांनी मधल्या जागेत सारखं अंतर घ्यायचं, बोलायचं नाही, नुसतं डावी-उजवीकडे बघून. कोणी जास्त सरकला की सर लांबूनच ओरडायचे, "सूरज, तू काय भिंतीच्या प्रेमात पडलास काय?"

जुनी पद्धत ते जास्त रंगवून शिकवायचे. पूर्वी फ्लोट, म्हणजे तरंगणं, नावाचा प्रकार वापरायचे, अजूनही जुन्या साइट दुरुस्त करताना भेटतो. त्यात मुलांनी एक पाय उचलून लंगडी घालत डावीकडे जायचं आणि हातातला दोर सोडायचा. दोर धप्पकन खाली. "बगा! लेकरं तरंगायला लागली की घराची उंची शून्य झाली!" मग एका दणकट मुलाला शेवटी दोन्ही पाय रोवून उभं करायचे आणि दोर त्याच्या हातात द्यायचे. घर परत उभं. महाजन सर एकदा केबिनमधून बाहेर आले तेव्हा अख्खी बॅच लंगडी घालत त्यांच्या अंगावर आली. ते तसेच मागे वळले आणि दार लावून घेतलं.

सरांची एक शिस्त मला फार आवडायची. मुलगा मशीनवर बसला, चुकला, घामाघूम झाला, तरी ते त्याच्या माऊसला हात लावायचे नाहीत. हात मागे बांधून शेजारी उभे. फार तर म्हणायचे, "तुज्या वाटचं मी धावलो, तर दम कोणाला येईल?" आणि शेवटी जमलं, की "शाब्बास. आता पुसून टाक आणि परत कर." मुलं कळवळायची. पण करायची.

विनम्र वगैरे ते अजिबात नव्हते हो. मुलांच्या बाबतीत तर त्यांना बढाया मारायची सोयच पाहिजे असायची. भाजीवाल्याकडे मेथी घेताना त्याचाच फोन मागून घ्यायचे आणि त्यावर आपल्या कुठल्या तरी विद्यार्थ्याची साइट उघडून द्यायचे. "वरची पट्टी बघा. बघा ना! आपल्या पोरानं केलीय." भाजीवाला बिचारा जुडी बांधता बांधता बघायचा. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात नेरूळच्या हॉलवर फोटोग्राफर सगळ्यांना "जरा जवळ या, जरा जवळ या" करून थकला, तेव्हा सर जेवण सोडून उठले आणि स्टेजसमोर येऊन कडाडले, "आत्या, तुम्ही शेवटच्या, कडेला जा. काका, मोकळी जागा वाटून घ्या. कोणी कोणावर चढायचं नाही." आमच्या घराण्यात सगळ्यांचे चेहरे दिसतात असा तो एकच फोटो आहे.

रेश्मा शिंदे ह्या बॅचला आली ती भांडतच. वडील कांदा-बटाटा मार्केटला माथाडी, मुक्काम तुर्भे, आणि पोरीला प्रत्येक गोष्टीत "पण का?" विचारायची खोड. "सर, पण शब्दालाच का दाबायचं? बाजूला का नाय?" सर म्हणाले, "तूच सांग." त्या वेळी शेजारच्या डॉक्टरांची साइट बनत होती. शिट्टीच्या प्रकरणाची भरपाई म्हणून सरांनीच ते काम बॅचकडे घेतलं होतं. रेश्माने त्या पट्टीतल्या प्रत्येक शब्दाभोवती चांगली ऐसपैस जागा सोडली आणि ती जागासुद्धा दाबण्याजोगी केली. सर फोन घेऊन दवाखान्यात गेले. "डॉक्टर, अंगठ्यानं दाबा. मधे नाही, कडेला दाबा. मधे कोणीपण दाबतं." डॉक्टरांनी 'अपॉइंटमेंट'च्या अगदी कडेला दाबलं आणि पान उघडलं. "दात दुखणाऱ्या माणसाचा हात काय धड पडतो का," रेश्मा मागून म्हणाली. त्या दिवसापासून डॉक्टर आमच्या टाळ्यांवर कधी काही बोलले नाहीत.

पण महाजन सरांचं गणित वेगळं होतं, आणि त्यांना वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. भाडं त्यांना भरायचं होतं. एका सोमवारी त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"खरात, मराठी बॅच ह्या टर्मनंतर बंद करू या," ते म्हणाले. "तुम्ही चांगलं शिकवता, प्रश्न तो नाही. पण कंपन्या घेतात का ह्या मुलांना? एकही प्लेसमेंट नाही. पालक मला विचारतात. तुम्ही इंग्लिश बॅचला असिस्टंट म्हणून या."

सर उभेच होते. ते म्हणाले, "एक शाळा मी बंद होताना बघितलीय, साहेब. दुसरी नाही बघणार."

"ही शाळा नाही, खरात."

"माझ्यासाठी हाय."

महाजन सरांनी कपाळ चोळलं. मग म्हणाले, "रबाळ्याची एक कंपनी पुढच्या आठवड्यात टेस्ट घेतेय. दोन्ही बॅच पाठवू. तुमच्या बॅचचं एक जरी मूल घेतलं तरी बॅच चालू. नाही घेतलं, तर मला पुन्हा सांगायला लावू नका."

सरांनी मान हलवली आणि सरळ पॅसेजमध्ये गेले. त्या आठवड्यात आमच्या मजल्यावर टाळ्यांचा नुसता पाऊस होता. मुलांना त्यांनी काही सांगितलं नाही. मीच रेश्माला सांगितलं, आणि रेश्माने अर्ध्या तासात सगळ्यांना.

टेस्ट झाली. मुलं परत आली ती उड्या मारतच. प्रश्न काय, तर आडवा मेनू, म्हणजे तीच वरची पट्टी करा! सगळ्यांना आला होता, सगळ्यांचा वेळेआधी झाला होता. सरांनी त्या दिवशी अख्ख्या मजल्याला वडापाव दिले, नर्सलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी फोन मी उचलला. कंपनीतून शेट्टी मॅडम बोलत होत्या, टेस्ट त्यांनीच घेतली होती. इंग्लिश बॅचची काही मुलं निवडली होती. "आणि ते मराठी बॅचचे पेपर आम्ही बाजूला ठेवलेत," त्या म्हणाल्या. "सॉरी, पण सगळ्यांनी कॉपी केलीय. प्रत्येकाच्या कोडमध्ये सेम टू सेम शब्द आहेत, आणि असले शब्द की मी कुठे पाहिले नाहीत. रांग काय, गडी काय. कोणीतरी एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी छापलं."

ते शब्द मला माहीत होते. पट्टीच्या प्रत्येक भागाला कोडमध्ये एक नाव द्यावं लागतं, म्हणजे मग त्या नावाने हाक मारून सांगता येतं, तू इकडे सरक, तू निळा हो. ते नाव आपण वाट्टेल ते ठेवावं, कॉम्प्युटरला त्याचं काही पडलेलं नसतं. बाकीचं जग इंग्लिश नावं ठेवतं. खरात सरांच्या मुलांनी पट्टीला 'रांग' आणि तिच्यातल्या एकेकाला 'गडी' म्हटलं होतं, इंग्लिश अक्षरांत लिहून, कारण पॅसेजमध्ये सर तेच म्हणायचे. आपण काही वेगळं करतोय हे त्या मुलांच्या गावीही नव्हतं.

मी सरांना सांगितलं. सर खुर्चीवर बसले, जे ते क्लासमध्ये कधी करत नसत. मग म्हणाले, "चूक माझी हाय, ताई. मी लेकरांना घरच्या नावानं बाहेर पाठवलं. पण चोर? चोर म्हणायला नको होतं."

महाजन सरांना हे मिटवून टाकायचं होतं. आपण माफीचा मेल पाठवू, म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या वतीने माफी लिहायला नकार दिला. मेल करायला नेट बंद आहे म्हटलं. ते चालू होतं.

दुसऱ्या दिवशी सर सगळ्या बॅचला घेऊन रबाळ्याला निघाले. महाजन सरांनी मलाही सोबत पाठवलं, "तिथे तमाशा होऊ देऊ नका" असं सांगून. मुलं गप्प होती. रेश्मासुद्धा गप्प होती, म्हणजे बघा. सरांच्या खांद्यावर तो दोर होता, आणि कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनने आधी दोराकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि आत फोन लावला.

शेट्टी मॅडम स्वतः खाली आल्या. चेंबूरला वाढलेल्या, मराठी अस्खलित, चेहरा दमलेला पण बाई सरळ. "सर, प्लीज टेन्शन नका घेऊ," त्या म्हणाल्या. "पण मी काय करू? दहा पेपर आणि दहाही एकसारखे. माझ्या जागी तुम्ही असता तर?"

"मीबी तेच म्हटलं असतं," सर म्हणाले. "म्हणून भांडायला नाही आलो. तुम्ही परत परीक्षा घ्या. इथंच. तोंडी. हुकूम तुम्ही द्यायचे, मी तोंड उघडणार नाही."

"इथे? पार्किंगमध्ये?"

सरांनी दोर मुलांच्या हातात दिला आणि बाजूला जाऊन हात मागे बांधून उभे राहिले. मुलं एकामागे एक उभी राहिली. शेजारच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली होती, कामगार डबे घेऊन कुंपणापाशी येऊन थांबले. मॅडमना काही कळत नव्हतं. रेश्माच म्हणाली, "मॅडम, तुमी नुसतं बोला. जे कोडमध्ये लिवता ते."

मॅडम चाचरत म्हणाल्या, "डिस्प्ले... फ्लेक्स?"

ठिपके काढायचं न सांगताच सॅक धडाधड खाली पडल्या आणि रांग फिरून आडवी झाली. कुंपणापलीकडून कोणीतरी शिट्टी मारली. मॅडमचे डोळे मोठे झाले. "सेंटर," त्या म्हणाल्या. रांग मधोमध. "स्पेस बिटवीन." दोन टोकं दोराला टेकली आणि मधली मुलं एक शब्द न बोलता सारख्या अंतरावर. मग त्यांना मजा यायला लागली असावी. "रो रिव्हर्स!" म्हटल्यावर पहिला शेवटी आणि शेवटचा पहिला व्हायला पाहिजे. सूरज चुकला, भलत्याच जागी जाऊन उभा राहिला, आणि बाकीच्यांनी त्याला खेचून जागेवर आणलं. कामगार हसले. मॅडमही हसल्या.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे पाठ आहे. पाठ कोणीही करतं. मी आता एक विचारते. सगळे डावीकडे उभे राहा, चिकटून. आता मला शेवटचा एकच आयटम, लॉगिन, तो एकटा पार उजव्या टोकाला पाहिजे. बाकीच्यांनी हलायचं नाही. कसं करणार?"

मी सरांकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. हे त्यांनी शिकवलं नव्हतं. पॅसेजमध्ये हजार वेळा रांग बघून मलाही एवढं कळत होतं, की एका गड्याने वेगळं जायचा हुकूम मी कधी ऐकला नाही. सरांचे मागे बांधलेले हात एकमेकांना घट्ट धरून होते. तोंड उघडणार नाही म्हणाले होते आणि उघडलं असतं तरी त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. आमची बॅच गेली, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

रांगेच्या शेवटी रेश्मा होती. लॉगिन म्हणजे तीच.

"मॅडम, दुसऱ्या कोणाला काय सांगायचं नाय? फक्त मला सांगायचं?" तिने विचारलं.

"फक्त तुला."

रेश्मा ओठ चावत उभी राहिली. मग तिने दोर धरला आणि चालायला लागली. एकटी, उजवीकडे, दोर पूर्ण ताणला जाईपर्यंत. तिथे थांबून वळली आणि आपल्या डाव्या बाजूच्या सगळ्या रिकाम्या पार्किंगवरून हात फिरवत मोठ्याने म्हणाली, "ही उरलेली सगळी जागा माझी. माझ्या डाव्या अंगाची. मार्जिन-लेफ्ट, ऑटो."

मॅडमनी विचारलं, "हे सरांनी शिकवलं?"

"नाय. सरांनी फक्त एवढं सांगितलं होतं, की ऑटो म्हणजे उरेल ती जागा. तेव्हा आमी दोन्ही बाजूंनी ऑटो दिलेला, पानावरचा एक डबा मधे आणायला. मी म्हटलं, दोन्हीकडून दिल्यावर मधे येतो, तर एकाच बाजूने दिल्यावर दुसऱ्या टोकाला जाईल ना?"

आणि मग खरात सरांनी दिलेला शब्द मोडला. पार्किंगच्या मध्यावर आले आणि कुंपणापलीकडच्या कामगारांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, हे मला येत नव्हतं! लिहून घ्या तुम्ही. खरातला येत नव्हतं, ह्या पोरीला आलं!"

मी माणसांना आपलं यश सांगताना पुष्कळ पाहिलंय. आपलं अज्ञान इतक्या अभिमानाने सांगणारा माणूस मी तो एकच पाहिला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं.

मॅडमनी मग सगळ्यांना वर नेलं, लांब लांब बसवलं आणि प्रत्येकाला वेगळं काम दिलं. संध्याकाळी त्या सरांना म्हणाल्या, "कॉपीचा शब्द मी मागे घेते, सर. पण एक सांगू? कंपनीत नावं इंग्लिश ठेवायला सांगा. उद्या ह्यांचं कोड दुसरा कोणी उघडेल, त्याला गडी म्हणजे काय कळणार?"

"बरोबर हाय तुमचं," सर म्हणाले. "मैदान तुमचं, नियम तुमचे. उद्यापासून दोन्ही शिकवतो."

कंपनीने रेश्माला घेतलं आणि चुकलेल्या सूरजलाही घेतलं. महाजन सरांनी पुढच्या टर्मच्या पाटीवर मराठी बॅच लिहायला सांगितली, आणि ती मी माझ्या हाताने लिहिली. सरांनी ही गोष्ट पुढे किती जणांना सांगितली असेल ह्याला गणती नाही. डॉक्टरांनी तर ती इतक्या वेळा ऐकली, की ते पेशंटला भूल चढेपर्यंत तीच सांगायचे.

नंतर मला पनवेलला दुसरी नोकरी लागली आणि वाशी सुटली. सरांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, त्यांनी शिकवणं थांबवलं, एवढं कानावर आलं होतं. भेटायला जायचं जायचं म्हणत राहूनच गेलं.

परवा एका शनिवारी नणंदेच्या मुलीसाठी चौकशी करायला त्या जिन्याने वर चढले. डेस्कवर नवी मुलगी होती. मराठी बॅच कुठे असते विचारलं, तर म्हणाली, "एक काय, आता दोन आहेत. आत चालूच आहे बघा." मी काचेच्या दारातून आत डोकावले. फळ्यापाशी रेश्मा उभी होती. नोकरी सांभाळून शनिवारची बॅच ती घेते, हे मला ठाऊक नव्हतं. ती ग्रिड नावाची, आडव्या-उभ्या रेघांच्या चौकोनांत पान बसवायची पद्धत शिकवत होती, आमच्या वेळी हे नव्हतं. मुलं माना खाली घालून वहीत चौकोन काढत होती.

शेवटच्या बाकावर, त्या पोरांच्या शेजारी, केस पूर्ण पांढरे झालेले खरात सर बसले होते. तेही चौकोन काढत होते. मग त्यांनी हात वर केला.

"हां, बोला सर," रेश्मा म्हणाली.

सर एका हाताने बाक धरून हळूहळू उठायला लागले. गुडघ्यांना त्रास होत होता हे लांबूनही दिसत होतं.

"सर, बसून विचारा ना. प्लीज."

"विद्यार्थ्यानं उभं राहूनच विचारायचं असतं, मॅडम," सर म्हणाले. "मला हे आडव्या-उभ्याचं अजून नीट कळलेलं नाही. पहिल्यापासून सांगता का?"

सगळी मुलं मागे वळून बघत होती. मी दाराबाहेर रडत होते आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती. रेश्माने थोडा वेळ फळ्याकडे तोंड केलं. मग सगळं पुसलं आणि पहिल्या ओळीपासून सांगायला सुरुवात केली.

तिचं सांगून होईपर्यंत सर उभे होते.